उन्हातला कार्यक्रम ठेवताय? मग पाण्याच्या आधी वेळ आणि सावली बघा

उघड्यावरचा कार्यक्रम ठरला की मीटिंगमध्ये कधीतरी उन्हाचा विषय निघतो, कोणीतरी म्हणतं पाण्याची सोय करू, आणि विषय तिथेच संपतो. मैदान, परवानगी, माईक, स्टेज, बॅनर यावर तासभर चर्चा आणि उन्हावर एक वाक्य. पाणी हवंच, त्यात वादच नाही, पण माझ्या मते पाणी चौथ्या नंबरवर येतं. आधी वेळ, मग सावली, मग लोकांवर लक्ष ठेवणारी माणसं, आणि मग पाणी. पहिल्या तीन गोष्टी चुकल्या तर टँकर उभा करूनही माणसं पडतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. आयोजकांसाठी तर आहेच पण नुसतं बघायला जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

आधी शरीराचं थोडं समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. आपल्या शरीराच्या आतलं तापमान ३७ डिग्रीच्या आसपास असतं आणि कातडीचं साधारण ३५. बाहेरची हवा त्यापेक्षा थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जात राहते. हवा कातडीपेक्षा गरम झाली की उलटं होतं, हवेतली उष्णता अंगात यायला लागते आणि मग एकच मार्ग उरतो तो म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, हे खूप मोठं काम आहे. पण वाळला तर! नुसता टपटप गळून गेला तर काहीच थंड होत नाही. म्हणून दमट हवेत माणूस घामाने निथळत असतो आणि तरी तापत असतो, आणि गर्दीत तर अजून वाईट कारण चारी बाजूंनी माणसं, वारा अडतो आणि शेजारच्यांच्या अंगाची उष्णताही आपल्यावर.

त्यामुळे मोबाईलवर नुसतं टेंपरेचर बघून ठरवू नका, ओलावा पण बघा. ३२ डिग्री आणि हवेत ४० टक्के ओलावा असेल तर अंगाला साधारण ३३ सारखं वाटतं, पण तेच ३२ डिग्री आणि ओलावा ७० टक्के असेल तर ४१ सारखं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, हे ‘फील्स लाईक’वाले आकडे बहुतेक वेळा सावलीतले असतात, थेट उन्हात उभं राहिलात तर त्यात आणखी ८ डिग्रीपर्यंत भर पडू शकते. म्हणजे अॅपवर ३३ दिसतंय म्हणून निवांत असलेला आयोजक आणि मैदानाच्या मधोमध उभी असलेली पोरं हे दोन वेगळ्या हवामानात असतात.

मोठे कार्यक्रम किंवा शर्यती घेणाऱ्यांनी डब्ल्यूबीजीटी म्हणजे ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ मोजणारा मीटर वापरावा. १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये जवान उन्हाने पडायला लागले तेव्हा ही पद्धत निघाली. ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर, काळ्या गोळ्यातला थर्मामीटर आणि साधा थर्मामीटर, तिघांचा अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के वाटा धरून एक आकडा काढतात, म्हणजे ओलावा, ऊन, वारा सगळं त्यात येतं. हातात मावणारे मीटर मिळतात आणि ते प्रत्यक्ष मैदानावर धरायचे असतात, ऑफिसच्या खिडकीत नाही.

वेळ ठरवताना

लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं की बारा ते तीन टाळलं की झालं. पण इथे दोन गोष्टी आहेत. अतिनील किरणं म्हणजे यूव्ही, ज्यांनी कातडी भाजते, ती सूर्य डोक्यावर असताना आणि त्याच्या मागेपुढे दोन तास सगळ्यात कडक असतात. पण हवेचं तापमान मात्र त्यानंतर वाढत जातं आणि दुपारी तीन-चारला टोक गाठतं, कारण जमीन तापून मग हवा तापवते. डांबरी रस्ता, फरशी, सिमेंटचं मैदान तर ऊन उतरल्यावरही बराच वेळ खालून भट्टीसारखं तापवत राहतं. म्हणजे चार वाजता चालू होणारा कार्यक्रम ‘संध्याकाळचा’ म्हणून सुरक्षित समजू नका. सकाळी लवकर सगळ्यात चांगलं, नाहीतर सरळ सूर्य मावळायच्या सुमाराला.

आणि वेळ मोजताना कार्यक्रमाची वेळ नाही, माणूस उन्हात किती वेळ राहणार ती वेळ मोजा. पत्रिकेवर नऊ ते अकरा लिहिलेलं असतं पण लोकांना आठला बोलावलेलं असतं, गाडी लांब लावून अर्धा तास चालत आलेले असतात, प्रमुख पाहुणे दहाला येतात, भाषणं लांबतात, आणि मग सगळे एकदम निघतात तेव्हा गेटवर आणि पार्किंगमध्ये अजून अर्धा तास. झाले चार-पाच तास. ज्यांनी आठपासून रांगेत उभं राहून स्वागत करायचं असतं ती लहान मुलं असतात ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. मुलांना शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर आणा, तोवर सावलीत बसवा, पाहुण्यांची गाडी निघाल्याचा फोन आला की उठवा. आणि पाहुण्यांना आधीच स्पष्ट सांगा की उशीर झाला तर कार्यक्रम तुमच्याशिवाय सुरू होईल. अवघड वाटतं सांगायला पण कारण सांगितलं की कोणी रागावत नाही. भाषणं कमी करा, सत्कार कमी करा, जे आतमध्ये हॉलमध्ये होऊ शकतं ते उन्हात करू नका.

अजून एक, कार्यक्रम रद्द किंवा छोटा करायचा निर्णय कोण घेणार आणि उष्म्याच्या कुठल्या आकड्याला घेणार हे आठवडाभर आधी लिहून ठेवा. त्या दिवशी सकाळी कोणालाच ‘नको’ म्हणवत नाही, सगळं उभं झालेलं असतं, खर्च झालेला असतो. २००७ ची शिकागो मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती, आणि सुरुवातीच्या थांब्यांवरच पाणी संपल्याच्या तक्रारी धावणाऱ्यांनी केल्या होत्या. एवढ्या मोठ्या, अनुभवी शर्यतीत असं होतं तर आपलं काय. लोकांना निरोप पोचवायची व्यवस्था, म्हणजे मेसेज ग्रुप, माईकवरची घोषणा, बोर्ड, हे पण आधी ठरवा.

हंगामातलं पहिलं कडक ऊन जास्त धोक्याचं असतं हेही ध्यानात ठेवा. शरीराला उष्म्याची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. उन्हाळ्याच्या शेवटी सहज झेपणारं ऊन सुरुवातीला झेपत नाही, आणि थंड भागातून आलेल्या पाहुण्यालाही झेपत नाही. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्यांसाठी एक नियम वापरतात, अगदी नवीन माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच द्यायचं आणि रोज थोडं वाढवायचं. एरवी एसीत बसणारे आपले व्हॉलंटियर एकदम दिवसभर उन्हात खुर्च्या उचलतात, त्यांना हाच हिशोब लावा.

सावली

२०२४ च्या हज यात्रेत १३०१ लोकांचा मृत्यू झाल्याचं सौदी सरकारने सांगितलं. त्यातले ८३ टक्के लोक अधिकृत परवाना नसलेले होते, म्हणजे ज्यांना नेमून दिलेल्या सोयी मिळत नव्हत्या, जे थेट उन्हात, निवारा नसताना, लांबलांब चालत होते. ऊन सगळ्यांना तेच होतं. ज्यांच्या डोक्यावर काही नव्हतं ते जास्त गेले. हा आकडा मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो कारण सावलीचा खर्च पहिला कापला जातो.

सावली किती लागेल तर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला साधारण एक चौरस मीटर धरा, शिवाय मधल्या वाटा. आणि सगळ्यांना पुरेल एवढी धरा, फक्त पुढच्या चार रांगांना नाही. जागा बघायला जाताना कार्यक्रमाच्या त्याच वेळेला जा, सकाळी दहाला जाऊन दुपारच्या मांडवाचा अंदाज येत नाही. सावली सरकते. दोनला मांडवाखाली असलेली शेवटची रांग चारला पूर्ण उन्हात असते, कडेच्या खुर्च्यांचं पण तेच, आणि बसलेली माणसं जागा जाईल म्हणून उठत नाहीत. पश्चिमेच्या बाजूला उभं कापड लावलं तर बराच फरक पडतो. बाकी बाजू मात्र मोकळ्या ठेवा, चारी बाजूंनी कनात बंद केली की वारा बंद आणि आत गरम हवा कोंडते. छत उंच घ्या. पत्र्याचं बुटकं शेड असेल तर तो पत्रा तापून खाली उष्णता फेकतो, त्याखाली बसून ऊन लागत नाही पण माणूस भाजून निघतो. झाडं असतील तर सोन्याहून पिवळं, झाडाची पानं पाणी सोडत असतात त्यामुळे तिथे खरंच गार वाटतं.

रांगा विसरू नका. नोंदणीची रांग, तपासणीची रांग, पाण्याची रांग, टॉयलेटची रांग, बसची वाट बघणारी रांग. लोक कार्यक्रमात कमी आणि रांगेत जास्त तापतात. मुख्य मांडव भव्य असतो आणि पाण्याचा स्टॉल मैदानाच्या कोपऱ्यात रणरणत्या उन्हात, मग वयस्कर माणूस विचार करतो कोण जाईल तिथवर, आणि तहानलेला बसून राहतो. गेटवर आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या व्हॉलंटियरलाही एक छत्री आणि एक स्टूल द्या आणि तासातासाने माणूस बदला.

एक खोली, किंवा एसी चालू ठेवलेली एक बस, गार होण्यासाठी राखून ठेवता आली तर जरूर ठेवा आणि ती व्हीआयपींना देऊ नका. पंखे चांगले, पण हवा ४० डिग्रीच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो आणि उलट अंग तापवतो, अशा वेळी गार जागेत हलवणं हाच उपाय. त्याच्या खाली असेल तर अंग किंवा कपडे ओले करून पंख्यासमोर बसणं खूप उपयोगी.

लक्ष ठेवणारी माणसं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला उष्म्याचा त्रास होतोय त्याला स्वतःला तो कळतोच असं नाही, कारण गडबड डोक्यातच होत असते. एका कार्यक्रमात चौथ्या रांगेत एक काकू अगदी शांत बसल्या होत्या. आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवत होते, यांचे हात मांडीवर तसेच. आमच्यातल्या एका मुलीने जाऊन सहज विचारलं, काकू कोणाबरोबर आलात? त्यांनी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ घेतला, आणि मग ‘हो’ म्हणाल्या. तेवढं पुरेसं होतं. लगेच त्यांना आत नेलं, पदर सैल केला, ओला टॉवेल मानेवर, पंखा लावला, थोड्या वेळाने त्या नीट बोलायला लागल्या. त्यांच्या बाजूला बसलेल्या कोणालाच काही वाटलं नव्हतं, कारण त्या काही तक्रारच करत नव्हत्या.

म्हणून दर पन्नासेक लोकांमागे एक माणूस फक्त बघायला ठेवा, त्याच्याकडे दुसरं काहीही काम नको, ना खुर्च्या, ना फोटो. त्याने फिरत राहायचं आणि चेहरे बघायचे. उत्तर यायला वेळ लागतोय, चालताना तोल जातोय, उगीच चिडचिड करतोय, एकदम गप्प झालाय, भर उन्हात थंडी वाजतेय म्हणतोय, अशा माणसाकडे लगेच जायचं. नुसतं ‘बरं वाटतंय ना?’ विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ज्याचं उत्तर द्यायला विचार करावा लागेल असं विचारा, कुठून आलात, आत्ता किती वाजले असतील, बरोबर कोण आहे. आणि कार्यक्रमाला जाणाऱ्यांनीही जोडी ठरवा, एकमेकांकडे बघत राहायचं.

कोणावर जास्त लक्ष? म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका, हृदयाचे किंवा किडनीचे किंवा शुगरचे पेशंट, नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेले, आदल्या रात्री दारू प्यायलेले. काही औषधांमुळे पण उष्मा लवकर बाधतो, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका, आधी डॉक्टरांना विचारा की मला उन्हात जायचंय, काय काळजी घेऊ. इन्सुलिन असेल तर बंद गाडीत ठेवू नका, खराब होतं.

पण तरणीताठी माणसंही पडतात, हे लक्षात असू द्या. मोठा पोशाख किंवा मुखवटा घालून नाचणारे, ढोल-ड्रम वाजवणारे, धावणारे, मंडप बांधणारे कामगार, यांच्या अंगात उष्णता बाहेरून पण येते आणि आतून पण तयार होते. पोशाखवाल्यांना पंधरा-वीस मिनिटांच्या वर एका वेळी ठेवूच नका, दोन माणसं आलटून पालटून ठेवा. आणि बराच वेळ ताठ उभं राहायचं असेल, परेडसारखं, तर पायांत रक्त साचून भोवळ येते, म्हणून पोरांना आधी शिकवा की गुडघे ताणून लॉक करायचे नाहीत, बुटाच्या आतल्या आत बोटं हलवायची, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या.

लहान बाळाच्या गाडीवर ऊन लागू नये म्हणून लोक कापड टाकतात. नका टाकू असं पूर्ण झाकून, आत हवा कोंडून तापते आणि बाळ दिसतही नाही. आणि पार्क केलेल्या गाडीत मुलाला दोन मिनिटंसुद्धा सोडू नका. दहा मिनिटांत गाडीच्या आतलं तापमान ११ डिग्रीने वाढू शकतं, काच थोडी खाली ठेवून काही होत नाही.

पाणी

तहान लागायची वाट बघू नका. उन्हात हालचाल करणाऱ्या माणसाने दर १५-२० मिनिटांनी एक कप, म्हणजे २४० मिली. नुसतं सावलीत बसलेल्याला कमी चालतं. पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते पण जीवावर बेतू शकतं. बोस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावणाऱ्यांचं रक्त तपासलं होतं, २००५ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं. म्हणून दोन-तीन तासांच्या वर घाम गाळायचा असेल तर मधूनमधून ओआरएस घ्या किंवा काहीतरी खा, जेवणातून मीठ मिळतंच. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मापात चूक नको, मीठ जास्त झालं तर त्रास वाढतो. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आपलं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आयोजकांसाठी हिशोब, मी माणशी तासाला अर्धा लिटर धरतो आणि वर थोडं जास्त ठेवतो, म्हणजे ५०० माणसं चार तास असतील तर हजार लिटर प्यायला. हात-तोंड धुवायला आणि टॉवेल भिजवायला वेगळं. एकाच ठिकाणी मोठा स्टॉल नको, छोटे छोटे अनेक, आणि बसलेल्यांकडे ट्रे घेऊन जा. जागेवर पाणी आलं की सगळे पितात, उठून जायला सांगितलं की अर्धे पीत नाहीत. जार उन्हात ठेवले तर दुपारी त्यातून गरम पाणी येतं आणि ते कोणी पीत नाही, सावलीत ठेवा, बर्फ लावा.

आणि टॉयलेट! बायका कार्यक्रमाला जायच्या आधी मुद्दाम पाणी पीत नाहीत कारण तिथे जायची सोय नसते, किंवा असते ती इतकी घाण असते की जाववत नाही. हे कोणी माईकवर सांगणार नाही. टॉयलेट पुरेसे, स्वच्छ, सावलीत आणि जवळ ठेवले तरच तुमचं पाणी लोकांच्या पोटात जाईल. टॉयलेटचा खर्च हा उष्म्यापासून बचावाचाच खर्च आहे असं धरून चाला. लघवी फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय, एवढं एक कागदावर लिहून टॉयलेटच्या दारावर लावलं तरी लोक वाचतात.

कातडी आणि कपडे

इथे एक गोंधळ असतो. ऊन भाजणं आणि उष्मा बाधणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सनस्क्रीन कातडीला वाचवतं, अंग थंड ठेवत नाही. आणि वारा सुटलाय, गार वाटतंय, थोडे ढग आहेत अशा दिवशीही कातडी भाजते कारण पातळ ढगातून यूव्ही आरामात येतात. उंचावर अजून जास्त, दर १००० मीटरला साधारण १० टक्के वाढ. अॅपमध्ये यूव्ही इंडेक्स दिसतो, ३ च्या वर गेला की काळजी घ्यायची, ८ च्या वर खूप कडक, ११ च्या वर शक्यतो बाहेरच नको. नेट नसेल तर स्वतःची सावली बघा, ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं. ३० वालं यूव्हीबी म्हणजे कातडी भाजणारी किरणं सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८, त्यामुळे आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा भरपूर लावा आणि दर दोन तासांनी परत लावा. बहुतेक जण फार कमी लावतात. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि कान, मानेची मागची बाजू, पावलांची वरची बाजू राहते ती लक्षात ठेवून. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नाही, सावलीच.

कपडे सैल, पूर्ण बाह्यांचे, पण कापड उजेडात धरून बघा, आरपार दिसत असेल तर किरणंही आरपार जातात. पातळ पांढरा टीशर्ट दिसायला उन्हाळी असतो पण फार कमी अडवतो, ओला झाला की अजून कमी. टोपी सगळीकडून काठ असलेली, पुढे फक्त छज्जा असलेल्या टोपीत कान आणि मान उघडी राहतात. गॉगल यूव्ही ४०० लिहिलेला. छत्री घेता आली तर सगळ्यात उत्तम, स्वतःची फिरती सावली.

कोणी पडलं तर

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, अंग गार आणि चिकट, पण माणूस नीट बोलतोय. याला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, ओलं करून पंखा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबत नसतील तर हॉस्पिटल. बरं वाटलं तरी त्या दिवशी परत उन्हात पाठवू नका, घरी सोडायला कोणी बरोबर द्या.

पण माणूस बरळतोय, ओळखत नाहीये, झटके येतायत, शुद्ध हरपतेय, अंग चटका बसेल इतकं तापलंय, तर तो उष्माघात, आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, धावताना किंवा काम करताना पडलेल्याला घाम असू शकतो. काखेतल्या किंवा कपाळावरच्या थर्मामीटरचा आकडा कमी दिसला म्हणून थांबू नका, तो फसवतो. अॅम्ब्युलन्सला फोन एकाने करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. आधी थंड करणं, मग नेणं. अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आलं पाहिजे, जितका उशीर तितकं मेंदूचं, किडनीचं, लिव्हरचं नुकसान.

तरुण, काम करताना किंवा धावताना पडलेल्यासाठी मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं हे सगळ्यात चांगलं. अमेरिकेत फॅल्मथ नावाची एक रोड रेस आहे, तिथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ पेशंटना असं जागेवर थंड केलं आणि सगळे वाचले. टब नसेल तर ताडपत्री घ्या. माणसाला त्यावर झोपवा, चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या म्हणजे खोलगट होते, बाकीच्यांनी त्यात बर्फ आणि पाणी ओतायचं, ताडपत्री हळूहळू हलवत राहायचं, आणि एकाने फक्त डोकं वर धरून तोंडात पाणी जात नाही ना ते बघायचं. मांडवाला ताडपत्री असतेच, एक बाजूला काढून ठेवा आणि आदल्या दिवशी एकदा सगळ्यांकडून करून घ्या. म्हातारी माणसं असतील तर जास्तीचे कपडे काढून अंगावर पाणी मारत राहा आणि जोरात वारा घाला, बर्फाचे तुकडे कापडात गुंडाळून मान, काखा, जांघा इथे ठेवा. ओल्या चादरीत गुंडाळून तसंच ठेवू नका, ती चादर तापते, सारखी बदला नाहीतर काढा.

अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी अजिबात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका, हा आजाराचा ताप नाही, गोळीने उतरत नाही आणि लिव्हरवर ताण येतो. लोक गोल करून उभे राहतात, वारा अडतो, मोबाईल काढतात, त्यांना मागे हटवायला एक माणूस लागतोच.

अॅम्ब्युलन्स आत येण्याची वाट आधीच मोकळी ठेवा, तिथे स्टॉल नको, गाड्या नकोत, आणि फोन केल्यावर एकाला गेटवर उभा करा जो तिला रस्ता दाखवत आत आणेल. जवळच्या हॉस्पिटलला आधी सांगून ठेवा की या तारखेला एवढी माणसं उन्हात असणार आहेत.

कार्यक्रम संपल्यावर मांडव लगेच उतरवायला घेऊ नका, शेवटची बस जाईपर्यंत सावली आणि पाणी चालू ठेवा, कारण निघताना वाट बघणारे पण उन्हातच असतात. आणि ज्यांना दिवसा त्रास झाला होता, तसंच दिवसभर राबलेले व्हॉलंटियर आणि कामगार, यांच्या घरी रात्री एक फोन करा. लघवी झाली का, उलटी होतेय का, बोलणं नीट आहे का एवढं विचारा, बोलणं नीट वाटलं नाही किंवा लघवी चहासारखी गडद होतेय असं सांगितलं तर सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला सांगा.